तीन पद्धतींचं एकमत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, शेवटी हसू येईलसं वाटत नाही. मी एकदा अति हुशारीनं एका अख्ख्या गावाची गोष्ट अर्ध्यावर तोडली, त्याचा हा किस्सा.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी नागपुरात ग्रंथालयशास्त्र शिकत होतो. आमचे सर सांगायचे, एका पद्धतीवर विसंबू नका. नोंदी तपासा, माणसांना विचारा, स्वतः बसून पाहा. तिन्हींचं उत्तर एकच आलं की डोळे मिटून सही करा. मी नेमके डोळेच मिटले!

मला पाहणीसाठी वैनगंगेपलीकडचं, चामोर्शीकडचं एक गाव दिलं. तिथलं वाचनालय म्हणजे चावडीतलं एक कपाट. ते गावात ठेवायचं की उचलायचं, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

नोंदी पाहिल्या. सगळ्या हंगामात एकच पुस्तक बाहेर गेलेलं, तेही हुसेनभाई शिंप्यांकडे. लोकांना विचारलं, पुस्तकं वाचता का? जो तो म्हणे, "नाई जी." हुसेनभाई त्या दिवशी बाजाराला गेले होते. एका माणसानं काय फरक पडतो, म्हणून मी त्यांना सोडून दिलं. मग रोज दिवसभर कपाटासमोर बसलो. एक मांजर आलं, तेही माझ्या डब्यासाठी. आणखी काय पुरावा हवा? तिन्ही पद्धती एका सुरात! मी लिहून टाकलं, कपाट हलवावे. सरांनी पाठ थोपटली आणि ते आणायलाही मलाच धाडलं.

कपाट बैलबंडीवर चढलं तेव्हा हुसेनभाई पुस्तक परत करायला आले. मध्यावर खुणेला शिलाईचा लाल दोरा होता. मागोमाग सारं गाव आलं. न वाचणारं गाव कपाटाला निरोप द्यायला कशाला येईल? मी चक्रावलो.

विचारलं तेव्हा उलगडा झाला. या गावात पुस्तक पोथीसारखं लावत. धान कापून परतलं की संध्याकाळी सगळे हुसेनभाईंच्या ओसरीवर जमत. ते मशीन बंद करून वाचत, बाकीचे ऐकत.

"मग मला 'नाही' असं का सांगितलंत?" मी एका म्हाताऱ्याला विचारलं.

"मी कुठी वाचतो जी? वाचते हुसेनभाई. आमी आयकतो."

हुकूम निघाला होता, कपाट दुसऱ्या गावाच्या नावावर लागलंही होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात राखूबाई नावाची एक म्हातारी बंडीला हात लावून उभी राहिली.

"साहेब, तुमी तं पुस्तकाईचे मानूस. त्या पोरीले नवऱ्यानं घराभायेर काढलं, तिथवर आयकलं आमी. पुढं काय झालं, तेवढं सांगून जा."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी काय सांगणार, कपाळ? त्या पुस्तकाची नोंद मी तपासली होती, उघडून एक पान पाहिलं नव्हतं. निदान ते पुस्तक तरी तिथंच ठेवावं, हेही मला सुचलं नाही. सुचलं तेव्हा बंडी वैनगंगेवर पोचली होती.

अहवालात 'न वाचणारे' असा एक रकाना होता. त्यात मी सारं गाव कोंबलं होतं. तिथं खरं तर एकच नाव हवं होतं, माझं.