लगीन झालं की थांबतंय म्हणे

लातूरच्या हॉस्टेलमधली आमची खोली आठवली की आधी ओव्याचा वास येतो. पाळीचा पहिला दिवस आला की मी गुडघे पोटाशी घेऊन कॉटवर पडायची. किनवटची मैत्रीण बाटलीत गरम पाणी भरायची, ओढणीत गुंडाळून माझ्या पोटावर ठेवायची, ओवा चघळायला द्यायची.

"रडायचं असंल तर हळू रड गं, उद्या माझा पेपर हाय."

हसू यायचं, आणि हसलं की जास्तच दुखायचं. तरी ती खोली मला अजून हवीशी वाटते.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत देगलूरजवळच्या आमच्या गावी गेले आणि तिथंच पाळी आली. रिवाजाप्रमाणे मागच्या दाराशी पोत्यावर बसले. दोनदा उलटी झाली. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, उदगीरचं एक स्थळ घेऊनच आली होती. माझी अवस्था बघून तिला निमित्त सापडलं. ओसरीवरच्या वडिलांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "लगीन लावून टाका हिचं. लगीन झालं की थांबतंय हे."

आमच्या घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली, पोरंसुद्धा धरून. बी.एस्सी.चं दीड वर्ष राहिलं होतं. आत्याचा शब्द वडिलांनी कधी मोडला नव्हता, त्यामुळं मला धडकीच भरली.

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता बोलली, "वन्सं, माझं कुठं थांबलं?"

"काय गं?"

"पंधराव्या वर्षी तुमीच करून आणलं मला. दोन लेकरं झाली. अजून दर महिन्याला दात आवळून खुरपते."

"मग कधी बोलली न्हाईस?"

"कुणी इचारलं?"

बाप्यांच्या कानावर हा विषय आमच्याकडं कधी जात नाही. ओसरीवर वडील खाकरले, चपला घालून निघून गेले. संध्याकाळी आले आणि भिंतीकडं बघत आईला म्हणाले, "दोघी बी लातूरला जावा. डाक्टरला दाखवा. अन् हिला तितंच हॉस्टेलला सोडून ये."

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि सांगितलं, पाळीत गर्भाशय आकसतं, म्हणून कळा येतात. पुष्कळ पोरींना येतात. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. दुखायला लागताच, काहीतरी खाऊन, लिहून दिलेली गोळी घ्यायची. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर परत यायचं.

मग त्या आईकडं वळल्या, तिलाही सगळं विचारून घेतलं. "तुमचं वाढत चाललंय, रक्तही जास्त जातंय. सोनोग्राफी करावी लागेल."

आईची दोन्ही बाळंतपणं घरीच झालेली. दवाखान्यात तिच्या नावाची ती पहिली फाईल. बाकड्यावर बसून तिनं ती मला दाखवली.

"बग गं, माझंच नाव लिवलंय न्हवं?"

मी वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं.