गोवर कुणाच्या घरून आला

"तिथंच थांब," मॅडम फाटकातूनच म्हणाल्या आणि फिनाईलच्या पाण्याची बादली माझ्या पायांवर ओतली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. कॉलनीतल्या बाया गॅलरीतून बघत होत्या.

"तुमच्या वस्तीतूनच आला गोवर. तुझ्यामुळे झाला माझ्या मुलाला."

पोटच्या पोरीला मातीत ठेवून मी कामावर परत आले होते.

मॅडमचं बोलणं खोटं. धडधडीत खोटं. आधी त्यांचा मुलगा तापला होता. त्याच्या कानामागचं लाल पुरळ मीच पाहिलं. "मॅडम, माता दिसते, गोवर," मी म्हटलं. "घामोळं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं अडाणीपण माझ्या घरात नको." त्याचा वाढदिवस तोंडावर होता ना! पाहुणे जमले, केक कापला. माझी तान्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निजलेली. तो खोकत खोकत तिच्याशी खेळला. लस टोचण्याइतकी ती मोठी झाली नव्हती.

मग ती तापली.

चंद्रपुरात, कोळशाच्या रेल्वे सायडिंगमागे आमची वस्ती. भिंतीला भिंत, सगळ्यांत एक नळ. इथे रोग सुटला तर घरंच्या घरं जातात. म्हणून माता आली की दाराला कडूनिंबाची डहाळी. डहाळीनं रोग बरा होत नाही, ते आम्हालाही कळतं. ती माणसं थांबवते. शेजारच्या शेवंताबाईंनी माझ्या दाराला बांधली. "चौकट ओलांडू नको पोरी. पानी, भाकर मी बाहेर ठेवून देईन." लेकीला धाप लागली तेव्हा त्यांनीच ऑटो बोलावला. दवाखान्यातच तिनं जीव सोडला.

शेवंताबाईंची नातवंडं भिंतीपलीकडे होती. एकालाही लागण झाली नाही. रोग माझ्या दाराशी थांबला, पण माझ्या लेकीला घेऊन थांबला. कॉलनीत मात्र वाढदिवसाला आलेली पोरं एकेक करून तापत होती.

आणि मी फिनाईलमध्ये उभी.

फाटकाजवळच कडूनिंब होता. मी डहाळी मोडली. पदराची चिंधी फाडून त्यांच्या फाटकाला बांधली.

"काय करतेस हे?"

"माता तुमच्या घरून आली, मॅडम. तुमी लपवली. माही पोरगी गेली. तुमी बांधत नाई, म्हनून मी बांधून राह्यली."

त्या घरी मी पुन्हा गेले नाही. आता वस्तीतल्या आम्ही बाया कामावर गेलो की फाटकाबाहेरच थांबतो. आमच्या मर्जीनं थांबतो. आधी विचारतो, "घरी कोनाले ताप हाय का?" जो खोटं बोलेल, त्याच्या फाटकाला डहाळी लागेल, आणि वस्तीतली एकही बाई त्याचा उंबरा ओलांडणार नाही.