खांब नसलेला डोंगर

स्कॉटलंडच्या त्या उत्तरेकडच्या खोऱ्यात एफीचं घर शेवटचं. घरामागे डोंगर सुरू होई आणि त्यावर वाट अशी नव्हतीच. नुसती हेदरची झुडपं, काळा चिखल आणि माणूस कमरेपर्यंत रुतेल असे खड्डे. एफी आणि तिचा धाकटा भाऊ टॉर्किल तिथे चाळीस वर्षं मेंढ्या राखत होते. लग्न दोघांनीही केलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी टॉर्किल चार चुकार मेंढ्या शोधायला वर गेला आणि धुकं उतरलं. पाचच्या सुमाराला मेंढ्या आपणहून खाली आल्या. तो आला नाही.

सकाळी त्याच धुक्यात गावातली सात माणसं जमली. पुढारपण टपालवाल्या लाक्लनकडे. त्याचं म्हणणं, वाट चुकलेला माणूस ओढ्याच्या कडेने उतरतो, तेव्हा ओढाच धरायचा. एफीने घरी थांबून चहा ठेवावा, असंही त्याने सुचवलं.

"चहा तू ठेव, लाक्लन," ती बुटाची नाडी आवळत म्हणाली. "धुक्यात तुला तुझ्या परसातलं खुराडंही सापडत नाही."

माणसं हसली आणि लगेच स्ट्रेचर उचलून निघाली.

ओढा पुढे कड्यावरून कोसळतो हे टॉर्किल जाणून होता, त्यामुळे तो तिकडे जाणार नव्हता. धुक्यात तो डोंगराच्या धारेवरच्या जुन्या कुंपणाचे लोखंडी खांब धरून येई. पण हरणांचे पाय तारेत अडकतात म्हणून डोंगराच्या मालकाने जूनमध्ये ते उपटवले होते. उपटणाऱ्यांत टॉर्किलही होता. आपण डोळे मिटून घरी येऊ, खांब हवेत कुणाला, असं तो म्हणाला होता. तिलाही ते खरंच वाटलं होतं.

ती माणसांना मागे घेऊन खांबांच्या रांगेच्या अंदाजाने चढत गेली. रिकामी भोकं पाण्याने भरली होती. अकराव्या भोकापुढे जमीन सपाट होते. त्या भोकात टॉर्किलची काठी उभी रोवलेली होती. काठीची खूण ठेवून तो पुढचं भोक शोधायला गेला असणार. काठीपासून तीस पावलांवर तो सापडला, गुडघे पोटाशी घेतलेला, ताठलेला.

लाक्लनने टोपी काढली. "एफी, मी ओढ्याचं म्हणालो, ते..."

"नंतर बोल."

तिने टॉर्किलच्या कोटाचं वरचं बटण लावलं. माणसांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि तशीच उभी राहिली. धुक्यात खाली कुठे, ते कुणालाच कळेना.

"वारा उजव्या गालावर राहू दे," एफी म्हणाली. "आणि माझ्या मागे या."

ती पुढे झाली. मागे माणसांचे जड श्वास ऐकू येत होते. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. वळली असती तर वारा गालावरून सुटला असता.