अर्धं धुरांडं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, ज्या सोबत्यांबरोबर गावोगाव सायकली हाणल्या त्यांनाही नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला सांगायची सवय असते खरी — पण दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या घरातला अंधार, दुसऱ्याचा अडाणीपणा, दुसऱ्याची लाज. त्यावर माझी लेखणी कशी धावते! आज स्वतःच्या दारापाशी आली, तर अडून बसली आहे.

ते पत्रक कदाचित तुमच्याही हातात पडलं असेल. गुलाबी कागद, वर ठळक अक्षरं — ‘बायांचे डोळे जाळणाऱ्यांनो, लाज धरा!’ राळेगावच्या बाजारात, बाभुळगावच्या शाळेत, एसटीच्या खिडकीतून आत — मी स्वतः वाटलं ते. शेवटी एक ओळ होती. ‘माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आज धूर नाही.’ सभेत ही ओळ म्हटली की टाळ्या पडायच्या.

ती ओळ खोटी होती.

पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. एक ओळ खोटी — त्यात काय, कितीजण लिहितात. मला सांगायचं आहे ते त्या ओळीच्या नंतरचं.

आपला भाग मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या दिवाळीची गोष्ट. मी यवतमाळला कॉलेजात होतो, सुट्टीत घरी आलो. वडील आधीच गेलेले. घरात माय आणि धाकटी बहीण शांता. दसरा झाला की या दोघी खदानीतून पांढरी माती आणायच्या, भिजवायच्या, आणि घराच्या एकेका भिंतीला पोतारा द्यायच्या. स्वयंपाकघराची भिंत सगळ्यात शेवटी. तिला एक हात पुरायचा नाही, तीन लागायचे — वर्षभराची काजळी ना! आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं. पावसाळा खाल्लेली पऱ्हाटी आतून दमट राहते. जळते थोडी, धुमसते फार. मायचे डोळे कायम लाल, कायम पाणावलेले. लहानपणी मला वाटायचं, आयांचे डोळे असेच असतात.

त्या वर्षी मी एका शिबिरात बिनधुराची चूल शिकलो होतो. घरी आलो त्याच दिवशी सब्बल घेतली आणि मायची जुनी चूल फोडली. सासूच्या हातची चूल होती ती. माय पदर तोंडात धरून दारात उभी होती. तिला विचारलं का? — सुधारणा कोणी विचारून करतं का, असं माझं त्या वेळचं तत्त्वज्ञान होतं.

चूल मी छान घातली. जुनी दाराजवळ होती, ही आतल्या कोपऱ्यात. प्रश्न धुरांड्याचा होता. त्याला भाजलेल्या मातीचे सहा नळ एकावर एक लागत होते, आणि सदाशिव कुंभाराकडे चारच तयार होते.

“हात पणत्यायत गुतले ना भाऊ,” तो म्हणाला. “दिवाळीत नळ कोन मांगते? सन सरला का देतो दोन.”

थांबायला मला वेळ नव्हता. पत्रक छापायला जायचं होतं. मी चार नळ बसवले. धुरांडं छपराच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, दीड हात खाली थांबलं. वरचे दोन नळ आले की दोन-तीन कवेलू काढायची आणि ते बाहेर न्यायचं — अर्ध्या दिवसाचं काम. भिंत ताजी पांढरी, चुलीवर गेरूचा पट्टा. चित्रासारखी दिसत होती. तिच्याकडे बघत मी ती ओळ लिहिली. दहा दिवसांत खरीच होणार आहे ना — मग आज लिहिली तर काय बिघडलं?

लक्ष्मीपूजनाला मायनं कढई चढवली. धूर चार नळांतून शिस्तीत वर गेला, कवेलूंना धडकला आणि पसरत खाली आला. जुन्या चुलीचा निदान दारातून तरी जायचा.

“भाऊनं घरात ढग आनला वो माय!” शांता खोकत हसली.

“गप वो तू,” माय म्हणाली. “त्याचे दोन नळ येऊन राह्यले. मंग पाहाजो.”

नळ आले. सदाशिवबुवा स्वतः डोक्यावर घेऊन आला, सण सरल्यावर आठव्या दिवशी. पण तोवर पत्रक आमच्याच गावात वाटून झालं होतं. आता भर दिवसा छपरावर चढायचं, कवेलू काढायची — आणि खालून विहिरीवर जाणारं कोणी थांबून विचारणार, “काहून रे, तुयी चूल तं कधीचीच झाली ना?” काय सांगणार होतो मी?

शांता एकदा म्हणाली, “शिडी लावू का भाऊ?” मी तिच्यावर असा खेकसलो की तिनं पुन्हा विचारलं नाही. ते दोन नळ गोठ्यात पडले. पुढे त्यांत कोंबडी अंडी घालू लागली.

आता खरं ते सांगतो.

संक्रांतीच्या सुट्टीत मी घरी होतो. जवळच्या तांड्यावरची सोनीबाई दोन बाया घेऊन चूल बघायला येणार, असा निरोप आला. तांड्यावर मी भाषण दिलं होतं ना! मायला म्हटलं, भिंत काळी झाली आहे. तिनं भर पौषात पांढरी माती कालवली. कोणी करत नाही पौषात. मग मी म्हटलं, उद्या पऱ्हाटी लावू नको. शेजारून निखारे आण आणि त्यावर चहा कर. निखाऱ्याला धूर नसतो. मायनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

सोनीबाई चुलीपाशी बसली. नळावरून हात फिरवला, वर पाहिलं. मग मायकडे वळली. “याडी,” ती म्हणाली — त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई — “खरं सांगजो. धूर नाही लागत का वं?”

“नाही लागत बाई,” माय म्हणाली.

शेजारणीची वाटी चुकून आमच्याकडे राहिली तर धुऊन, रिकामी न देता चिमूटभर साखर घालून परत करणारी माझी माय. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

सोनीबाईनं घरी जाऊन चूल फोडली. आमच्याकडे पाहिली तशीच नवी घातली. अगदी तशीच — धुरांडं छपराच्या दीड हात खाली थांबलेलं. तिला काय माहीत? मला वाटतं, तिनं काडीनं मोजून नेलं असणार.

महिन्याभरानं राळेगावच्या बाजारात भेटली. डोळे सुजलेले. “आमचाच हात खराब दादा. तुमच्याइथं कशी झकास चालते! आमच्याइथं तं बसवत नाही चुलीपाशी.”

आता तरी मी सांगितलं असेल, असं वाटतं ना तुम्हाला? दोन शब्द पुरले असते. ‘नळ वाढव.’ पण ते म्हटलं की ती विचारणार होती — तुमचा काहून नाही वाढवला? मी व्यासपीठावरच्या आवाजात म्हणालो, “ओली पऱ्हाटी लावत असाल तुम्ही.”

“असंन,” ती म्हणाली आणि गर्दीत गेली.

त्याला आता नऊ वर्षं होत आली. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, पत्रकांचे विषय बदलले. छपरावर मी कधीच चढलो नाही. मायच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं आहे. डाव्यानं उजेड तेवढा कळतो. यवतमाळला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “आजी, धुरात फार बसता का?” मी शेजारीच उभा होतो.

“नाही जी,” माय म्हणाली. “माह्या पोरानं बिनधुराची चूल करून देल्ली ना.”

हे तिनं मला वाचवायला म्हटलं, की इतक्या वर्षांत तिला ते खरंच वाटू लागलं? मी विचारलं नाही.

या दिवाळीलाही भिंतीला पोतारा तिनंच दिला. कोणाला हात लावू देत नाही. एका हातानं भिंत चाचपते, दुसऱ्यानं माती फिरवते. धुरांडं जिथं थांबतं, त्याच्यावर सुपाएवढा काळा डाग आहे. तिचा हात त्याच्या खालूनच परत आला.

पदराला हात पुसत तिनं विचारलं, “बाबू, झाली का रे पांढरी?”

“झाली माय,” मी म्हटलं.