घरी जायची शिकवणी

तळेघरच्या झुंबरबाईला मनापासून पसंत पडलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. गावात कुणाचंही नाव काढा, तिचं नाक आधी मुरडणार. जावा तिच्या लेखी चहाडखोर, दीर भगवंत म्हणजे "बायकोच्या पदराला बांधलेलं गाठोडं", आणि डोंगर सोडून मंचरला खोली करून राहिलेले सगळे भिकारी. तिचा नवरा जानकू नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात हमालीला गेला आणि तिकडंच दुसरी बाई करून बसला. भावकीनं सांगितलं, जा, त्याला घेऊन ये. ती म्हणाली, "नासल्यालं दूध कुनी पुन्यांदा चुलीवर ठेवतं व्हय?" आणि पदर खोचून खाचरात भाताच्या आवणीला उतरली. भात आणि नाचणीवर तिनं गोरख एकटीनं वाढवला. त्याला जीप घेऊन दिली, जया सून आणली, आणि त्या दोघांनाही नावं ठेवत राहिली.

गावाच्या वरच्या अंगाला एका संस्थेचं वसतिगृह होतं. लांबलांबच्या वाड्यांमधली पोरं तिथं राहून शाळा शिकत, कारण एसटी दिवसातून एखादी, तीही मनात आलं तर. हे वसतिगृह सांभाळायला नॉर्वे देशातून एक मिशनरी जोडपं आलं. त्यांच्या चर्चनं पाठवलेलं. नवऱ्याचं नाव टूर. गावाला वाटलं साहेब टूरवर आलाय, महिन्याभरात जाईल. तो गेलाच नाही. बायकोचं नाव मारित. तिनं उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नव्हता, पण गावात ती 'मारीतबाई' झाली. वसतिगृहामागच्या बंगलीत त्यांनी बिऱ्हाड केलं आणि स्वयंपाकाला झुंबरबाईला ठेवलं.

धर्माचं ते कुणाच्या गळ्यात मारत नसत. रविवारी दार लोटून आपली आपण गाणी म्हणत, बस. झुंबरबाईचा राग त्या गाण्यांवर नव्हताच. तिला चीड होती ती एका वाक्याची. पुण्याहून कुणी पाहुणा आला, की मारितबाई पुस्तकी मराठीत मान वाकडी करून सांगायची, "आम्ही सर्व काही सोडून इथे आलो."

झुंबरबाई मोरीत भांडी घासता घासता ऐकायची. घरात गॅस, फ्रिज, इन्व्हर्टर, कपडे धुवायचं मशीन. पाल दिसली तर बाई फोन लावून आईशी रडायची. "सोडलं म्हंत्यात ते काय सोडलं गं?" ती घरी येऊन जयाला विचारायची. "टेंपो भरून तर आनलंया. आमच्या आयांनी माहेर सोडलं ते नेसत्या लुगड्यावर. त्यांचं न्हाई कुनी भाषन केलं."

पुढं पुण्याच्या दवाखान्यात त्यांना मुलगी झाली. महिन्याच्या पोरीला घेऊन ते पावसाळ्यातच डोंगरावर आले. धुकं दारातून आत येत होतं, दुपटी वाळत नव्हती, आणि मारितबाई खिडकीशी बसून नुसती रडत होती. पोरगी उपाशी किंचाळत होती. टूरसाहेब पुस्तक उघडून काहीतरी शोधत होता. झुंबरबाईनं हातातलं पीठ झटकलं, पोरीला उचललं, पाय पसरून पायांवर पालथी घातली आणि तेल लावून शेकशेक शेकली. पोरगी गप झाली.

"पुस्तकात बघून पोर वाढवत्यात," ती म्हणाली. "कोंबडीलाबी इतकी अक्कल असती."

पोरीचं नाव सोलवाय. गावात कुणाच्या जिभेवर ते बसेना, म्हणून ती सुलू झाली. आईबाप पहाटेपासून वसतिगृहाच्या पोरांमागं. कुणाला खरूज, कुणाला ताप, कुणी रडून रडून पळून निघालेलं. सुलू झुंबरबाईच्या कमरेवर वाढली. ती पहिला शब्द बोलली तो मराठीत. चार वर्षांची झाली तेव्हा कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "आजे, ह्यो चहा लई ग्वाड केलास बघ तू. म्हातारी झालीस." मारितबाई हसायची, त्याची फिल्म काढून तिकडं आजीआजोबांना पाठवायची. तोवर सगळं गमतीचं होतं.

मिशनच्या माणसांना ठरावीक वर्षांनी मायदेशी जायला सुट्टी मिळते. ते तिला होम लीव्ह म्हणत. टूरसाहेबानं वसतिगृहाच्या कामापायी ती दोनदा पुढं ढकलली होती. सुलू सात वर्षांची झाली तेव्हा वर्षभराची रजा लागली. जूनमध्ये निघायचं ठरलं. आणि मार्चमध्ये मारितबाईच्या एकदम लक्षात आलं, की आपण पोरीला घरी नेतोय, पण पोरीला ते घर ठाऊकच नाही.

मग शिकवणी सुरू झाली. सकाळी काटा-चमचा. बसायचं खुर्चीवरच, जमिनीवर नाही. पायात दिवसभर बूट. नाचणीची भाकरी बंद, पाव सुरू. फ्रिजवर मावश्या-काकांचे फोटो चिकटवले. सुलूनं एकेकाचं नाव सांगायचं, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. घरात फक्त त्यांची भाषा. एके दिवशी मारितबाईनं झुंबरबाईला समोर उभं केलं.

"झुंबरबाई, कृपया तुम्ही आता तिच्याशी मराठी बोलू नका. तिला तिथे त्रास होईल."

"मंग काय शिट्टी वाजवू?" झुंबरबाई म्हणाली.

बाईला ते समजलं नाही, की समजून तिनं सोडून दिलं, कुणास ठाऊक. पण त्या दिवसापासून झुंबरबाई बंगलीत तोंडाला कुलूप लावून वावरायला लागली. सुलू तिच्याकडं बघायची, ही भिंतीकडं. पोरगी रात्री अंथरूण ओलं करायला लागली. एकदा दुपारी सापडेना म्हणून वसतिगृहाची पोरं रानभर हाका मारत फिरली. ती झुंबरबाईच्या घरात भाताच्या कणगीमागं, बूट काढून, पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"आजे," ती म्हणाली, "घरला गेल्यावर मी घरला कदी येनार?"

झुंबरबाईनं तिचं नाक चोळून पुसलं आणि ताटलीत भाकरी दिली. संध्याकाळी मात्र ती जयासमोर फुटली. "सोताच्या घरला जायाची शिकवनी लावावी लागती, ह्ये पहिल्यांदाच बघितलं मी! आन् म्हनं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवाया आल्यात."

टूरसाहेबाची तयारी वेगळी होती. तिकडं गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन इथलं काम सांगायचं, म्हणजे वसतिगृहाला मदत मिळते. त्यासाठी त्याला फिल्म हवी होती. तो कॅमेरा घेऊन झुंबरबाईच्या दारात आला. तिचं घर पक्कं, कौलारू, वर डिश टीव्हीची छत्री, पुढं गोरखची जीप. साहेबानं इकडं तिकडं बघितलं आणि घरामागच्या कुडाच्या गोठ्याकडं बोट केलं. तिथं उभी राहा म्हणाला.

"तिथं म्हस ऱ्हाती," झुंबरबाई म्हणाली.

साहेबाला मराठी बेताचीच. इतक्या वर्षांत त्याची मराठी 'पाणी आहे का' आणि 'झोपा आता' यांच्या पुढं गेली नव्हती. बाकी सगळं सुलू सांगायची. सुलूनं सांगितलं. साहेब म्हणाला, हो, पण इथं उजेड चांगला पडतो. झुंबरबाई गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली, म्हशीच्या शेजारी. साहेबानं कॅमेरा लावला आणि सुलूकरवी विचारलं, की आम्ही यायच्या आधी तुमचं जीवन कसं होतं?

"ह्यांना सांग," झुंबरबाई म्हणाली, "तुमी यायच्या आधी मी भात लावीत व्हते, आताबी लावते. तुमी गेल्यावरबी लावीन. हितं माझं घर न्हाई, गोठा हाय. माझ्या घराला लाज वाटंल असं काय न्हाई. तुमाला लाज वाटत आसंल तर तोंड झाका. आन् पोरीला बूट चावत्यात, ते काढा."

सुलूनं सगळं सांगितलं. शब्द न् शब्द, बोटानं म्हैस दाखवून, बूट दाखवून. दुसरं मूल असतं तर बापाचा चेहरा बघून थांबलं असतं. ही शेवटपर्यंत गेली. साहेबाच्या मानेपासून कानापर्यंत लाल चढत गेलं. त्यानं कॅमेरा बंद केला, हात जोडून "धन्यवाद" म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी येऊन पक्क्या घराची फिल्म काढावी एवढं काही त्याला सुचलं नाही.

जूनमध्ये गोरखच्याच जीपमधून ते निघाले. सुलू रडली नाही. तिला रडायचं नाही असं शिकवलं होतं. ती काचेला नाक लावून बसली होती, पायात नवे बूट. झुंबरबाई पोचवायला आली नाही; खाचरात भाताच्या रोपाला पाणी धरायचंय म्हणाली. जया सांगते, त्या दिवशी खाचराकडं कुणी गेलंच नव्हतं.

वर्ष गेलं. पुढच्या पावसाच्या तोंडाला टूरसाहेब आणि मारितबाई परत आले. दोघंच.

झुंबरबाईनं बंगलीच्या दारातूनच विचारलं, "पोरगी कुठंय?"

मारितबाई खाली बघत म्हणाली, "ती तिथे राहिली. माझ्या आईजवळ. शाळेसाठी."

झुंबरबाई उंबऱ्यावरूनच मागं फिरली. त्यानंतर ती कामाला गेली नाही. दोन वेळा निरोप आला, गेली नाही. शेवटी मारितबाई स्वतः चिखल तुडवत तिच्या घरी आली. झुंबरबाई हिरडा निवडत बसली होती. तिनं बस म्हटलं नाही. बाई आपणहून जमिनीवर बसली.

"झुंबरबाई, तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात."

"राग मानसावर धरत्यात," झुंबरबाई म्हणाली. "जनावर पिल्लू सोडून चार घास चरायला जातं, पर सांजच्याला माघारी येतं."

पण त्या दिवशी ती रडली नाही, उलट बोलली. तिची ती पुस्तकी मराठी जागोजाग अडत होती. "पहिले सहा महिने ती कोणाशी बोलत नव्हती. शाळेत मुलं हसत होती. मग ती बोलायला लागली, एक मैत्रीण झाली. मी तिला पुन्हा उपटून इकडे आणायचं? आणि तुम्ही, तुमच्या गावची मुलं? सहा वर्षांची असताना तुम्ही आमच्याकडे आणून सोडता. ती रात्री रडतात. मी त्यांच्याजवळ बसते. तेव्हा तुम्ही कुठे असता?"

जया दारात उभी होती. झुंबरबाईच्या हातातला हिरडा हातातच राहिला.

"ती शनवारी घरला येत्यात," ती शेवटी म्हणाली. "कुनी तीन तास चालून न्यायला येतं, पर न्यायला येतं." आणि मग, सूप पुन्हा पुढं ओढत, "फिल्मचं काय झालं?"

"लोकांना आवडली," मारितबाई म्हणाली. "पुष्कळ लोक रडले."

"म्हशीच्या गोठ्यासाठी?"

बाई उठली. झुंबरबाईनं वर बघितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी साहेबाचा व्हिसा वाढला नाही आणि त्यांना कायमचंच जावं लागलं. संस्थेनं वसतिगृह पुण्याच्या माणसांकडं दिलं. जायच्या आदल्या दिवशी मारितबाई निरोप घ्यायला आली. झुंबरबाईनं काळा चहा केला, स्वतःही घेतला. बाईनं फोन काढून सुलूचा फोटो दाखवला: उंच झालेली, केस कापलेली, बर्फात उभी. झुंबरबाईनं फोन लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"हाडकली," ती म्हणाली. "जेवाया घालत न्हाईत."

"ती विचारते तुमच्याबद्दल. तिला आता मराठी थोडीच आठवते."

"आटवल तेवडी पुरे."

बाई निघाली तेव्हा अंधारून आलं होतं आणि वळणावरची कुत्री माजलेली. झुंबरबाई काठी घेऊन बंगलीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेली. वाटेत बाईचा पाय घसरला तेव्हा तिनं दंड धरला, आणि बंगली येईपर्यंत सोडला नाही. दारात पोचल्यावर मारितबाई तिच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. झुंबरबाई ताठ उभी राहिली. मग म्हणाली, "व्हय व्हय. जावा आता. पोरीकडं जावा."

आता झुंबरबाई भीमाशंकरच्या रस्त्याला पावसाळी पाहुण्यांना मक्याची कणसं भाजून विकते आणि पाहुणे गेल्यावर त्यांना नावं ठेवते. कणसाबरोबर स्वतःचे फोटो काढतात म्हणून, पावसात भिजायला पैसे खर्चून येतात म्हणून. सुलूचा कधीमधी जयाच्या फोनवर व्हिडिओ कॉल येतो. पोरगी आता थांबत थांबत, शब्द शोधत बोलते. 'न्हाई' न म्हणता 'नाही' म्हणते, आईसारखं. झुंबरबाईला ते खपत नाही.

"काय बोलतीस गं ह्ये, शाळंतल्या बाईवानी?" ती फोनवर ओरडते. "नीट बोल."

सुलू हसते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते. गावात रेंज धड नाही, म्हणून झुंबरबाई फोन घेऊन टेकाडावर चढते, आणि वाटेत भेटेल त्याला मोबाईल कंपनीच्या नावानं शिव्या घालते.