आईचं स्वगत

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

लेकीले इंग्रजीच्या पेपरसाठी नाटकाचा धडा शिकवून राहिली होती. म्हटलं, "पात्र एकटंच बोलते, कोणी उत्तर देत नाही, ते स्वगत. उदाहरण सांग."

पोट्टी लगेच म्हणाली, "जैसे आजी मराठी में बोलती रहती है."

मलेही हसू आलं. माझी आई समोरच मेथी निवडत बसली होती.

रोज संध्याकाळी ती नातीले विचारते, "पोरी, चहा घेतं का?" आज म्हणाली, "बेटा, चाय पिओगी?"

आत्ता मलेही विचारलं, "खाना लगा दूँ?"

माह्या तोंडून निघून गेलं, "हाँ, आई."

तुमच्या घरी मराठी बोलणाऱ्याले उत्तर कोण देते?