नीव्हेसच्या हातातला दोर

इटलीतल्या रोकाव्हेर्दे गावात माणसाने रविवारी दुपारी मरू नये. मेलाच तर त्याच्या नावाची घंटा शर्यत संपल्यावर वाजते. कारण चर्चच्या घंटेचा दोर नीव्हेस बालुगानीच्या हातात असतो आणि त्या वेळी नीव्हेस व्हाइनरच्या बारमध्ये टीव्हीसमोर बसलेली असते. फादर चेल्सो गावात नवे होते तेव्हा त्यांनी याबद्दल एकदा विचारून पाहिलं. "मेलेला थांबतो, फादर," ती म्हणाली. "शर्यत थांबत नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

नीव्हेस शाळा सोडून थेट खालच्या सपाटीवरच्या, शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात लागली ती ओतशाळेत. इंजिनाच्या आत ज्या पोकळ्या असतात त्या आधी वाळूच्या घडवाव्या लागतात. मग त्यांच्याभोवती धातू ओतायचा, थंड झाला की वाळू झाडून टाकायची. हे काम तिथे बायका करत, कारण पुरुषांच्या हातून वाळूचे कोपरे ढासळत. जन्मभर तिने हेच केलं. "गाडीत जे नाही ते मी बनवलं," असं ती सांगते, आणि ऐकणारा हसला तर त्याच्याकडे असं बघते की हसू त्याच्या घशात अडकावं. कारखान्याच्या लाल गाडीच्या इंजिनाचा आवाज आला की तिला तो आतून ऐकू येतो. बाकीच्यांना बाहेरून.

घंटेचं काम तिच्या नवऱ्याचं, इदेओचं. तो गेल्यावर बाईमाणसाने मनोऱ्यावर कसं चढायचं यावर गावात बरीच चर्चा झाली. नीव्हेस म्हणाली, "मग तुमच्यापैकी कोण चढतंय?" चर्चा तिथेच संपली.

लाल गाडी जिंकली की घंटा वाजवायची, ही चाल आधीच्या पाद्र्याने पाडली. अर्धं गाव कारखान्यात कामाला, तेव्हा त्यात वावगं कुणालाच वाटलं नाही. एक काळ असा होता की रविवारमागून रविवार घंटा वाजायची आणि अंगणातल्या कोंबड्यासुद्धा मान वर करत नसत. आता दोन मोसम उलटून गेले, एकदाही नाही.

हे असं का झालं, याची कारणं व्हाइनरच्या बारमध्ये माणशी एक मिळतात. व्हाइनरच्या मते सगळा दोष नियमांचा. दर दोन-चार वर्षांनी नवे नियम येतात, ते लिहिणारे सगळे समुद्रापलीकडचे, आणि आपल्या माणसांना ते कळेपर्यंत पुढचे येतात. लेआर्को म्हणतो, नियमांना कशाला नावं ठेवता, कारखान्याचं धाडसच संपलंय. हा लेआर्को निवृत्त भूमापक. डोक्यावर कायम लाल टोपी आणि तोंडात लाल गाडीला शिव्या. मोदेनाच्या एका पाहुण्याने एकदा त्याच्याच सुरात सूर मिसळून गाडीला नावं ठेवली, तर याने त्याच्या पुढ्यातली मोर्तादेल्ला सॉसेजची ताटली उचलून घेतली. "आम्ही बोलायचं," म्हणाला, "तू नाही."

"ती गाडी म्हणजे लठ्ठ झालीय," लेआर्को म्हणायचा. "बाकीचे गाडीतून सुतासुताने वजन काढतात. आपले भित्रे घालतात."

"पुढच्या वर्षी बघ."

"पुढच्या वर्षीची गाडी मी गेली कित्येक वर्षं बघतोय, व्हाइनर."

नीव्हेस या वादांत क्वचितच पडे. तिची मुलगी ओरिएला त्याच कारखान्यात, गिअरबॉक्स जोडणाऱ्या विभागात. लेआर्कोने गिअरबॉक्सचं नाव काढलं की नीव्हेस फक्त खुर्ची सरकवायची, आणि तो विषय बदलायचा.

घंटेचा एक कायदा मात्र नीव्हेसने स्वतः केला होता, आणि तोही एकदा फजिती झाल्यावर. बऱ्याच वर्षांपूर्वी लाल गाडी पहिली आली, शेवटचा झेंडा पडला, आणि नीव्हेस मनोऱ्याकडे धावली. पोटभर घंटा वाजवली. लांब्रुस्को वाइनच्या बाटल्या फुटल्या. संध्याकाळी पंचांनी निकाल दिला की गाडीला मागे बसवतात तो आडवा पंख मापाबाहेर होता. विजय काढून घेतला. वाजलेली घंटा काही मागे घेता येत नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या गावाने पुढची दोन वर्षं करमणूक करून घेतली. लग्नात, बाजारात, कुठेही रोकाव्हेर्देचा माणूस दिसला की, "काय हो, तुमच्या घंटेला निकाल आधी कळतो म्हणे?" गावातले लोक पंचांना शिव्या घालत होते. नीव्हेस एकच वाक्य बोलली, "माप ते माप." आणि तेव्हापासून कायदा: निकाल अधिकृत झाल्याशिवाय दोराला हात नाही. शिवाय संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की त्या दिवसाचा मनोरा बंद.

जूनमधला रविवार होता. नीव्हेसने सकाळीच संत जोव्हान्नीच्या दिवशी काढलेले हिरवे अक्रोड दारूत घालायला चिरायला घेतले होते, त्यामुळे बोटं काळी झालेली. तशीच ती बारमध्ये येऊन बसली. लाल गाडी त्या दिवशी बरी पळत होती. बरी म्हणजे दुसरी. पहिली होती ती पिवळी गाडी, आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. शेवटच्या फेऱ्यांत पिवळीचे टायर पार झिजले तरी ती बदलायला आत आली नाही, तशीच रेटली आणि जिंकली.

"बघा, याला म्हणतात छाती," लेआर्को म्हणाला. "आपले असते तर चहा प्यायला थांबले असते."

दुसऱ्या नंबराला कुणी टाळ्या वाजवत नाही. माणसं पत्ते घेऊन बसली. नीव्हेस अक्रोडांकडे परत गेली.

ऊन कलायला लागलं तेव्हा व्हाइनर तिच्या दारात आला. पळत. व्हाइनरला पळताना गावाने शेवटचं त्याच्या लग्नात पाहिलं होतं, असं लेआर्को सांगतो.

"नीव्हेस, पिवळीला बाद केलं. वजन कमी भरलं. आपण पहिले."

"अधिकृत?"

"अधिकृत. सही झालेलं. टीव्हीवर दाखवतायत. चल, किल्ली घे."

नीव्हेसने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि त्याच्याबरोबर बाहेर पडली. पण चर्चकडे न वळता ती बारकडे गेली. टीव्हीवर तेच सांगत होते. शर्यतीनंतर प्रत्येक गाडी काट्यावर चढवतात, पिवळी नियमापेक्षा हलकी भरली. चौकात माणसं जमली होती, टोप्या, झेंडे, कुणाच्या खांद्यावर नातवंडं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने ते पडद्यावरचं शांतपणे वाचून काढलं.

"मी नाही वाजवणार," ती म्हणाली.

"का?" व्हाइनर म्हणाला. "तुझ्याच कायद्यात बसतंय."

"कायद्यात बसतंय. जिंकण्यात बसत नाही. झेंडा पडला तेव्हा आपली गाडी कुठे होती? मागे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तूही बघितलंस, आणि तू तेव्हा पत्ते पिसत होतास. दुसऱ्याच्या पंगतीतलं उरलेलं आणून आपल्या दारात जेवण घालायचं? इतके खाली नाही आलो आपण."

"बरोबर बोललीस," लेआर्को म्हणाला.

नीव्हेसला लेआर्कोशी एकमत होणं मुळीच आवडलं नाही. पण बोललेलं बोललेलं.

"दोन वर्षं झाली गं," गर्दीतून कुणी म्हातारी म्हणाली. "माझ्या नातवाने जिंकल्याची घंटा ऐकलीच नाही अजून."

"ऐकेल. पहिले येऊ तेव्हा ऐकेल."

फादर चेल्सो बाहेर आले. त्यांना खरं तर फुटबॉल आवडायचा, पण चौकात एवढी माणसं त्यांच्या प्रवचनाला कधी जमली नव्हती. "नीव्हेस," ते गोडीने म्हणाले, "लोकांना आनंद व्हायचाय, तर होऊ द्या की. तशी घंटा चर्चची आहे."

"आहे ना. दोरही चर्चचा आणि पायऱ्याही चर्चच्याच. ही घ्या किल्ली. जा चढून."

फादरांचे दुखरे गुडघे सगळ्या गावाला ठाऊक होते. फादरांनी किल्लीकडे पाहिलं, मनोऱ्याकडे पाहिलं आणि ते व्हाइनरला म्हणाले, "एक कॉफी दे."

माणसं पांगली नाहीत, पण तिच्याशी बोलेनाशी झाली. नीव्हेस घरी आली. आपण बरोबर केलं याबद्दल तिला जराही शंका नव्हती, तरी अक्रोड चिरताना सुरी दोनदा घसरली.

ओरिएला आली ती कारखान्याच्या कपड्यांतच. शर्यतीच्या रविवारी त्यांच्या विभागाला सुट्टी नसते. पर्स तिने खुर्चीवर आपटली.

"घंटा का नाही वाजली?"

"बस. रस्सा गरम करते. त्यात घालायला तोर्तेल्लिनी पास्ता ठेवलाय तुझ्यासाठी."

"आई, मी काय विचारतेय? निकाल लागल्यावर आम्ही कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहिलो होतो. सगळा विभाग. वारा तिकडून असला की रोकाव्हेर्देची घंटा तिथे ऐकू येते, हे तूच मला लहानपणी सांगितलंयस. आम्ही वाट बघितली. मग एक-एक जण गाडी काढून निघून गेला."

नीव्हेसला वाटलं होतं की मुलगी तिला मिठी मारेल. "अगं, तुमचाच मान राखला मी. असला विजय तुम्हाला तरी हवाय का? पिवळीची चूक झाली म्हणून मिळालेला?"

"चूक नाही झाली. त्यांनी हिशेब केला, आणि वाटलं की खपून जाईल. झिजून हलक्या झालेल्या टायरवर पळायचं, थांबायचं नाही, गाडी आधीच इतकी हलकी करायची की शेवटी काट्यावर जेमतेम टेकेल. टेकली नाही." ओरिएला बसली. "हे आम्हालाही येतं, आई. हिवाळ्यात गाडीचा आराखडा ठरवताना आमच्यापुढेही तेच होतं. गिअरबॉक्सच्या पेटीची भिंत पातळ करा, वजन उतरवा, दर फेरीला थोडी पुढे जाल. आम्ही नाही म्हटलं. टायर पार झिजले तरी गाडी काट्यावर ताठ उभी राहिली पाहिजे, असं ठरवलं. म्हणून ती जड आहे. म्हणून दुसरी येते, पाचवी येते. आणि तुमचा तो लेआर्को सगळ्या बारभर आम्हाला भित्रे म्हणत फिरतो, तूही ऐकून घेतेस."

"मी ऐकून घेत नाही. खुर्ची सरकवते."

"वा. खुर्ची सरकवतेस."

नीव्हेसने रस्सा गॅसवर ठेवला.

"त्या पंखाच्या वेळी," ओरिएला हळू आवाजात म्हणाली, "मी रडत होते. तू मला म्हणालीस, माप ते माप, नाक पूस. मी पुसलं. मग मोठी होऊन त्याच मापात बसेल असं काम शिकले. आज पहिल्यांदा त्या मापाने आमच्या बाजूने कौल दिला, तर तू म्हणतेस हा विजय नाही. म्हणजे माप फक्त आपल्याला मारायला आहे का? वाळूचा कोपरा ढासळला तर तू तो साचा तसाच पुढे ढकलायचीस? कुणाला दिसणार होतं?"

"कधीच नाही."

"मग पिवळीने तो ढकलला. आम्ही नाही ढकलला. दोन वर्षं शिव्या खाऊन नाही ढकलला. आणखी काय पाहिजे तुला?"

रस्सा उतू जायला आला होता. नीव्हेसने गॅस बंद केला. तिने एप्रन काढला नाही, खुंटीवरची किल्ली घेतली. बाहेर अजून उजेड होता आणि संध्याकाळची घंटा व्हायची होती.

"चल," ती म्हणाली.

"मी कशाला? तुझं काम आहे."

"पायऱ्या चढताना तोंड बंद ठेव, दम लागतो."

चौकात बसलेल्यांनी दोघींना चर्चमध्ये शिरताना पाहिलं आणि पत्ते खाली ठेवले. वर पोचल्यावर नीव्हेसने दोर सोडवला आणि ओरिएलाच्या हातात दिला. मुलीला अजिबात येत नव्हतं. पहिला टोला कुणी पातेलं पाडल्यासारखा आला. "कमरेतून ओढ," नीव्हेस म्हणाली, "आणि वर जाताना सोड, भांडू नकोस त्याच्याशी." मग तिने स्वतःचे काळे झालेले हात मुलीच्या हातांवर ठेवले, आणि घंटेला लय सापडली. टेकडीवरून, द्राक्षमळ्यांवरून, खाली सपाटीपर्यंत ती गेली. पलीकडच्या गावाकडे तर नीव्हेसने मुद्दाम तोंड करून बघितलं. हसा आता, तिच्या मनात आलं. सही झालेलं आहे, वजन केलेलं आहे.

दोघी खाली उतरल्या तेव्हा बाटल्या फुटलेल्या होत्या. लेआर्को सगळ्यांच्या पुढे उभा होता.

"तुझं मत बदललं, माझं नाही," तो म्हणाला.

"तुझ्या मतासाठी वाजवली नाही. हिच्या हातच्या कामासाठी वाजवली. तिला विचार ती गाडी लठ्ठ का आहे. आणि टोपी काढून विचार."

हसणाऱ्यांत फादर चेल्सोही होते. लेआर्कोने टोपी काढली, अर्धी चेष्टेत, पण काढली. ओरिएला सांगायला लागली, आधी जरा चिडूनच, मग हातांनी हवेत पेटीच्या भिंती दाखवत. माणसं तिच्याभोवती दाटली. शर्यतीच्या वेळी बारमध्ये ज्यांनी आयुष्यभर नीव्हेसच्या बाजूची खुर्ची पकडायला धडपड केली होती त्यांनी आज तिला सरळ कोपराने मागे सारलं. व्हाइनरने भरून आणलेला पेलाही तिच्या डोक्यावरून ओरिएलाकडे गेला.

"म्हणजे मुद्दाम जड ठेवली?" लेआर्को म्हणाला. "हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ओरिएला म्हणाली.

नीव्हेसला तिथून काहीच दिसत नव्हतं, फक्त मुलीचा आवाज येत होता. पुढे जायला तिला कुणी वाट दिली असती तरी ती गेली नसती.